आतेच्या वाट्याचा वरकस

पुण्याच्या कंपनीत माझं काम चुका शोधण्याचं होतं. सॉफ्टवेअर लिहिणारे दुसरे. ते कुठे अडकतं, कुठे भलतंच उत्तर देतं, ते बघणारी मी. लॉकडाऊनमध्ये रत्नागिरीला परत आले ती इथेच राहिले. कंपनीनेही हरकत घेतली नाही. थिबा पॅलेसच्या बाजूला भाड्याची दोन खोल्यांची जागा, खिडकीत टेबल, टेबलावर लॅपटॉप. आईबाबा गावी, पालीच्या पुढे. शनिवार-रविवारी मी स्कूटरवरून तिकडे जायचे.

आम्ही जे सॉफ्टवेअर करतो ते लाकडाचा माग काढतं. युरोपात लाकडाची वस्तू पाठवायची, तर ते लाकूड जंगल साफ करून मिळवलेल्या जमिनीवरचं नाही, हे दाखवावं लागणार, असा तिकडचा नियम. तो लागू व्हायची तारीख पुढे पुढे जात होती, पण तिकडचे खरेदीदार आधीपासूनच विचारायला लागले होते. म्हणून प्रत्येक ओंडक्यामागे जमिनीचा तुकडा दाखवायचा. त्या तुकड्याच्या हद्दीवरून फोन हातात धरून चालायचं. आपण चालू तशी नकाशावर रेघ उमटत जाते. मग सॉफ्टवेअर जुने उपग्रहाचे फोटो काढून बघतं. ठरावीक तारखेला तिथे जंगल होतं आणि नंतर नाहीसं झालं, असं दिसलं तर तुकडा लाल. नसेल तर हिरवा.

रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्याने आमचं सॉफ्टवेअर घेतलं. ते लोक ब्रशचे लाकडी दांडे करतात, अकेशियाच्या लाकडाचे. माझा वरिष्ठ फोनवर म्हणाला, "तू तिथलीच आहेस. शेतकऱ्यांकडे जाऊन हद्दी तूच चालून घे." अशी मी टेबलावरून उठून डोंगरउतारांवर हिंडायला लागले आणि मला ते आवडायलाही लागलं. कारखान्याच्या यादीत आमच्याच गावातले चारसहा जण निघाले. त्यात बाबाही होते.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त व्हायच्या बऱ्याच आधी त्यांनी आमच्या वरकसावर अकेशिया लावला होता. वरकस म्हणजे उताराची, भात न होणारी जमीन. नाचणी-वरी सोडली तर गवतच. खालच्या बांधाला लागून ऐन आणि किंजळीची जुनी झाडं होती, ती त्यांनी ठेवली. अकेशिया आता तोडायला आला होता.

हद्द मी एकटीच चालले. बाबांचा गुडघा धरलेला, ते खाली दगडावर बसून हाताने दाखवत होते. घरी येऊन लॅपटॉप उघडला, तर खालचा कोपरा लाल. महामार्ग रुंद झाला तेव्हा तिथली जुनी झाडं गेली होती, ती सॉफ्टवेअरला दिसली. तो कोपरा वगळून हद्द पुन्हा चालावी लागणार होती. हे काही मोठं नव्हतं. अडलं ते पुढच्या पानावर. जमिनीचे जेवढे मालक, तेवढ्यांची संमती लागते. प्रत्येकाच्या फोनवर एक आकडा येतो, तो भरायचा. आमच्या सातबाऱ्यावर मालक दोन. एक बाबा. दुसरी माझी आत्या.

आम्ही तिला आते म्हणायचो. आम्ही म्हणजे मीच. घरात दुसरं मूल नव्हतं. मी आठ-नऊ वर्षांची असताना ती घरातून गेली. पालीच्या बाजाराला किनाऱ्याकडून माशांचा टेम्पो यायचा. तो चालवणाऱ्याशी तिने लग्न केलं. तो मच्छीमाराच्या घरातला, आम्ही शेतकरी. आजोबांनी सांगितलं, तिचं नाव या घरात निघायचं नाही. आणि निघालं नाही. आजोबा वारले तेव्हा तलाठ्याने विचारलं होतं म्हणे, बहीण हक्क सोडून देणार का? बाबा म्हणाले, तिचं नाव लावा. एवढंच. त्यानंतर पुन्हा गप्प.

माझ्याकडे मात्र तिच्याबद्दल एक गोष्ट होती. थंडीत कवळ तोडायला घरातले सगळे वरकसावर जायचे. कवळ म्हणजे झाडाच्या पाल्याच्या डहाळ्या. त्या वाळवून पुढे शेतात भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला, लागतात. आते कमरेला कोयती अडकवून ऐनावर चढायची आणि मी खाली उभी. वरून ती ओरडायची, "बाज्जूला हो गोऽ!" मग पानांचा भारा सपकन खाली. त्या हिरव्या ढिगात शिरून बसले की वरून तिचं गाणं ऐकू यायचं. गाणं कसलं, मनाला येईल ते; कावळ्याला, बैलाला, मला उद्देशून काहीबाही. ती गेल्यावर मी कित्येक महिने झाडाखाली जाऊन वर बघायचे. मोठी झाल्यावरही पुण्यात कधी एखाद्या बागेत पाला छाटत असले की माझे पाय थांबायचे.

"बाबा, आतेचा फोन नंबर?" मी विचारलं.

बाबा अंगणात सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. आई आत भांडी लावत होती, तीही थांबली असावी, कारण आवाज बंद झाला.

"नंबर नाय," ते म्हणाले. मग कातरलेले तुकडे गोळा करत, "हेदवीच्या स्टॉपवरून खाली बंदराकडं उतर. पाण्याची टाकी लागेल. टाकीला लागून निळ्या दरवाजाचं घर. दार बदललं असेल तर ठाऊक नाय."

ते पुन्हा सुपारी कातरायला लागले.

पुढच्या आठवड्यात मी गेले. जयगडला फेरीबोटीत स्कूटर चढवली, खाडी ओलांडून तवसाळला उतरले. बोटीत मी सारखी उठत होते, बसत होते. इतकी वर्षं एवढ्याशा पाण्यापलीकडे ती होती, आणि मी पुण्याहून सुट्टीला येऊन याच किनाऱ्यावर मैत्रिणींबरोबर फिरून गेले होते. हेदवीच्या दशभुजा गणपतीलाही एकदा येऊन गेले होते. कुणाला विचारावं असं तेव्हा मनात आलं नाही, असं नाही. आलं होतं. पण विचारायचं काय, तेच कळलं नव्हतं.

दार निळंच होतं. पुढच्या अंगणात एक बाई जवळा वाळत घालत होती, वाकून, तळहाताने पसरत. ओसरीवर एक म्हातारा जाळं दुरुस्त करत होता. त्याची नजर समोर कुठेतरी आणि बोटं मात्र भराभर चाललेली. त्याला दिसत नसावं, हे जरा वेळाने कळलं.

"कोण गो तू?" बाईने विचारलं.

"पालीवरून आले. तुझ्या दादाची मुलगी."

ती सावकाश सरळ झाली. हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. "मोठी?"

"एकच आहे मी, आते."

"व्हय? मला वाटायचं, तुला पाठचं कोण तरी झालं असेल." मग ती माझ्याजवळ आली, पण हात लावला नाही. "हाताला जवळ्याचा वास हाय," ती म्हणाली. मीच तिचे हात धरले. तेव्हा तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. ती माझ्यापेक्षा बुटकी होती. माझ्या आठवणीत ती कायम झाडावर होती, त्यामुळे हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं.

चहा झाला. मामांनी — आतेच्या नवऱ्याला मी मामा म्हटलं, आमच्याकडे तसंच म्हणतात — साखरेने डोळे गेल्याचं सांगितलं, जाळ्याचे भाव सांगितले, बाबांची तब्येत विचारली. मी कामाचं समजावून सांगितलं. फोनवर नकाशा उघडून आतेच्या हातात दिला. "हा आपला वरकस. वरून काढलेला फोटो आहे."

तिने फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ. "ही घळ. हां. हे वहाळाचं वळण. आणि घर कुठं?" मी दाखवलं. कौलांचा तांबडा ठिपका. तिने त्यावर बोट ठेवलं, तर फोटो सरकला आणि घर नकाशाबाहेर गेलं. ती दचकली. "गेलं काय गो?" मी परत आणलं.

"खालच्या बांधावरचा ऐन? मी चढायची तो?"

मला खोटं सांगता आलं असतं. त्या चित्रात एक झाड दुसऱ्यापासून ओळखू येत नव्हतंच. "रस्ता रुंद झाला तेव्हा गेला, आते."

तिने फोन मांडीवर पालथा ठेवला. बाहेर कुणीतरी कोंबड्यांना हाकलत होतं.

"मी येत नव्हते ना," ती म्हणाली, "पण तो तिथं हाय असं धरून चालले होते."

मग विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, घर बाबांनी अगदी बरोबर सांगितलं, टाकी, दरवाजाचा रंग, सगळं. आणि आते हसली. "सांगेलच. तीन वर्षं गुहागर डेपोला होता तुझा बाप. हेदवीची गाडी तोच आणायचा."

हे मला माहीत होतं आणि नव्हतं. बाबांची गुहागरला बदली झाली तेव्हा मी कॉलेजात होते. घरापासून लांब म्हणून आई रडली होती. आम्हाला वाटलं, कुणीतरी साहेब रागावला असेल.

"पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी स्टॉपवर पाटी घेऊन उभी होते," आते सांगायला लागली. "मी तेव्हा गुहागरच्या बाजारात मासे घेऊन जायची. गाडी थांबली, बघते तर स्टेअरिंगवर दादा. कंडक्टर म्हणाला, 'मच्छीची पाटी चढवायची नाय, पॅसेंजर कुरकुर करतात.' मी काय, मागं सरले. तर दादा मागं न वळता म्हणाला, 'असू दे. चढू दे तिला.'"

"मग?"

"मग काय. चढले. मागं बसले. तो आरशातून बघायचा, मी खिडकीतून बाहेर बघायची. गुहागर आलं, उतरले. तीन वर्षं असंच. त्याची ड्यूटी कोणत्या दिवशी असते ते मला कळलं होतं. दुसऱ्या गाडीनं मी जायचीच नाय. पाटीला कोण काय बोललं नाय मग कधी."

"एकदाही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? माझा बा जिता होता तेव्हा. दादानं त्याला शब्द दिलेला. आणि बदली झाली ती कळलीच नाय मला. एक दिवस गाडीवर दुसराच माणूस."

मामा म्हणाले, "त्या दिवशी पाटी तशीच घेऊन घरी आली. बाजारला गेलीच नाय."

संमतीचा आकडा मामांच्या साध्या फोनवर आला. आतेने तो माझ्याकडे दिला. "माझ्या वाट्याचं काय ते कर. फक्त झाडं पाडायच्या आधी मला एकदा दाखव."

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की आते येणार आहे, वरकस बघायला. आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, गुहागरची बदली कुणी केली होती?

"मीच मागितली होती," बाबा म्हणाले. "तुझ्या आईला सांगू नको." आत आईने मोठ्याने सांगितलं, "मला ठाऊक हाय." तिला केव्हापासून ठाऊक होतं, ते तिने कधी सांगितलं नाही.

जानेवारीत आते आली. मी तिला जयगडच्या जेटीवर घ्यायला गेले. तिने ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती आणि पिशवीत सुके बांगडे, वर्तमानपत्राच्या चार थरांत गुंडाळलेले. स्कूटरवर ती माझ्या कमरेला घट्ट धरून बसली. गावाकडचा फाटा जवळ आला तशी तिची पकड आणखी घट्ट झाली. फाट्यावर बाबा उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, काठी टेकून. आई म्हणाली, सकाळी चहा घेतल्यापासून तिथेच होते.

"आलीस?"

"आले."

"बोटीला गर्दी होती?"

"नाय. बसायला मिळालं."

तीस वर्षांत जे काही बोलायचं राहिलं होतं, त्यातलं एवढंच झालं. मी आत कुठेतरी रडारडीची तयारी करून आले होते. ती आईने केली. दारात आतेला बघितल्याबरोबर ती तिच्या गळ्यात पडली.

जेवण होऊन आम्ही वरकसावर गेलो. लाल कोपरा सोडून हद्द पुन्हा चालायची होती. मी फोन आतेकडे दिला. म्हटलं, तूच चाल, तुझाही वाटा आहे. ती पूजेचं तबक धरावं तसा फोन दोन्ही हातांत सपाट धरून चालायला लागली. बाबा खाली दगडावर बसून सांगत होते. "डावीकडं घे, बायो. त्या जांभ्याच्या दगडापासून वर."

"ठाऊक हाय मला!"

"तिकडं घसरतं."

"तेही ठाऊक हाय!"

वरच्या अंगाला अजून एक-दोन ऐन उरले आहेत. त्यातल्या एकाखाली ती थांबली. वर बघितलं. फोन माझ्याकडे दिला, साडी वर खोचली आणि खोडाच्या खोबणीत एक पाऊल ठेवलं. मी खाली उभी राहिले. माझ्याही नकळत दोन पावलं मागे सरले, भारा पडणार असल्यासारखी. तिने हात वरच्या फांदीला घातला. क्षणभर तशीच राहिली. मग पाऊल खाली घेतलं.

"नको. मी पडले तर ह्यांच्याकडं कोण बघणार?" हात झटकत ती म्हणाली. "दे तुझा फोन."

रेघ पुरी झाली तेव्हा ती जिथून निघाली होती तिथे, बाबांच्या शेजारी, येऊन दगडावर बसली. दोघं बराच वेळ तिथे बसले होते. मी मुद्दाम लांब राहिले. बोलणं ऐकू येत होतं, पण ते सगळं झाडांचं. किंजळ किती वाढली, वहाळाचं पाणी किती दिवस टिकतं, कोणत्या वर्षी वणवा लागला. आजोबांचं नाव निघालं नाही, एसटीचंही नाही.

तीनच्या सुमाराला ती उठली. "बोट चुकेल."

"राहा आज," बाबा म्हणाले.

"ह्यांना चूल पेटवता येत नाय, दादा."

"मग कवळाला ये. चार दिवस सवड काढून ये."

"बघते."

रात्री — नाही, रात्री नव्हे, तिला सोडून परत आल्यावर संध्याकाळीच — मी लॅपटॉप उघडला. आमचा तुकडा पुरता हिरवा झाला होता. कारखान्याला कळवलं. त्यांनी माणसं पाठवायची म्हटलं, तेव्हा बाबांनी नकार दिला. "ह्या वर्षी नको. ती कवळाला येणार हाय. मोकळा डोंगर बघायला बोलावू काय तिला?" कारखान्याने दुसऱ्यांचा माल घेतला. माझ्या वरिष्ठाने विचारलं, सगळं हिरवं असून तुझ्याच घरचा माल का आला नाही? मी सांगितलं, मालकांचा विचार बदलला.

खरं म्हणजे आता आमच्याकडे कवळ कुणी तोडतच नाही. भातशेती राहिली आहे थोडी, भाजावळ बंद झाली. तरी बाबांनी कोयत्यांना धार लावून आणली. फेब्रुवारीत आतेचा फोन आला. मामांच्या पायाला जखम झाली होती, बरी होत नव्हती, साखरेमुळे. ती येऊ शकत नव्हती. बाबा "बरं, बरं" म्हणाले आणि फोन ठेवून अंगणात फेऱ्या मारत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी रत्नागिरीला कामात होते तेव्हा आईचा फोन आला. बाबा सकाळीच पिशवी घेऊन गेले होते. एसटीने जयगड, तिथून बोट. मला म्हणाली, "अडवू नको. जाऊ दे."

संध्याकाळी बाबांनी मामांच्या फोनवरून फोन केला. "पोचलो. मामांना डॉक्टरकडं नेऊन आणलं. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "उद्या येतो."

तिसऱ्या दिवशीही तेच. गुडघा कसा आहे विचारलं तर म्हणाले, इथं समुद्राच्या वाळूत चालायला बरं वाटतं. जाळ्याच्या गाठी मामा शिकवतायत, पण जमत नाहीत. आई म्हणाली, त्यांच्या गोळ्या संपल्या असतील, तेवढ्या पाठव. मी पाठवल्या. मलाही जायचं होतं. पण त्या आठवड्यात लांज्याकडचे तुकडे चालायचे होते, परक्या माणसांचे, आणि वरिष्ठ रोज विचारत होता.

त्या तिसऱ्या दिवशी फोन ठेवताना बाबा विसरले असावेत. त्यांनी तो बंद न करताच कुठेतरी ठेवला. मी लॅपटॉपसमोर बसून कान लावून ऐकत राहिले. भांड्यांचा आवाज, लांबून लाटा, मामांचं खोकणं. बाबा काहीतरी म्हणाले, आणि एक बाई मोठ्याने हसली. झाडावरून ती अशीच हसायची का, हे मी आठवायला लागले. आठवेना. तेवढ्यात फोन कट झाला.